आग कुठे लागली आणि बंब कुठे गेला?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. २०२५ च्या डिसेंबरात सरकारचे ‘संचार साथी’ ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये बसवण्याच्या सक्तीवरून गदारोळ झाला, तेव्हा तुमच्या घरी जेवता जेवता दोन तट पडले. तुमचा भाऊ बँकेत आहे. तो म्हणाला, लोकांचे आयुष्यभराचे पैसे एका फोनवर जाताना मी रोज बघतो, सरकार काही करायला निघाले की तुम्ही लगेच ओरडता. तुमची मुलगी म्हणाली, सायबर हल्ल्याची भीती दाखवायची आणि त्या आडून आपल्या फोनमध्ये शिरून पाळत ठेवायची, एवढाच याचा अर्थ आहे. दोघेही तुमचेच, आणि तुम्ही विचारता की यातले खरे कोणाचे मानायचे.

मला दोघांचेही म्हणणे पटते, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. भाऊ सांगतो की धोका खरा आहे. मुलगी विचारते की हे औषध त्याच रोगावरचे आहे का. पहिल्याला ‘हो’ म्हटले की दुसऱ्यालाही ‘हो’ म्हणावेच लागेल असा आपला समज करून दिला जातो, आणि घरातली भांडणे तिथेच सुरू होतात.

मी २२ वर्षे माहिती सुरक्षेचे काम करते. पुण्यात राहते. सहकारी बँका, पतसंस्था, काही रुग्णालये आणि चाकणकडचे दोन-तीन कारखाने असे माझे ग्राहक. निम्मे काम ऑडिटचे, निम्मे हल्ला झाल्यावर रात्री-अपरात्री धावत जाण्याचे. त्यामुळे मी जे सांगणार ते या कामातून दिसलेले आहे. आदेश काढणाऱ्याच्या मनात काय होते, हे मला ओळखता येत नाही आणि त्यावर मी काही बांधतही नाही. एखादा नियम मोठ्या वीज कंपनीसाठी योग्य आणि दहा माणसांच्या दुकानासाठी जाचक असू शकतो, हेही आधीच मान्य करते.

आधी भावाच्या बाजूने बोलते, कारण हल्ले म्हणजे नुसता बागुलबुवा असे समजणारे लोकही मला भेटतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमवर कार्ड घातले की बँकेच्या मुख्य प्रणालीला ‘खात्यात पैसे आहेत का’ असे विचारले जाते. हल्लेखोरांनी मधेच आपली खोटी यंत्रणा बसवली आणि प्रत्येक विचारणेला परस्पर ‘हो, द्या’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. याच रकमेतले जवळपास १४ कोटी दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. त्याआधी जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचे संगणक निकामी करणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले, तेव्हा न्हावाशेव्यातले, म्हणजे जेएनपीटीमधले एक कंटेनर टर्मिनल ठप्प झाले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि रुग्णांचे केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. सामान्य माणसांची फसवणूक तर वेगळीच. एकट्या २०२४ मध्ये देशभरात २२,८०० कोटी रुपयांहून जास्त रक्कम सायबर फसवणुकीत गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. तुमचा भाऊ अतिशयोक्ती करत नाही.

पण या चार उदाहरणांकडे नीट बघा. चारही ‘सायबर’ आहेत, आणि त्यापलीकडे त्यांच्यात फारसे साम्य नाही. एका प्रकारात चोर संस्थेच्या यंत्रणेत शिरला. दुसऱ्यात आपल्याशी काही वैर नसताना भलतीकडचा भडका आपल्यापर्यंत आला. तिसऱ्यात खंडणीसाठी डेटा कोंडला. चौथ्यात तर यंत्रणेत कोणी शिरलेच नाही. एका घाबरलेल्या माणसाने ‘पोलीस’ म्हणवणाऱ्या आवाजाच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले. याशिवाय शत्रुराष्ट्राने वीजजाळ्यावर केलेला हल्ला, आणि समाजमाध्यमांवरची अफवा, यांनाही आपण याच नावाने हाक मारतो. हे सगळे एकाच गाठोड्यात बांधले की एका प्रकारातून निर्माण झालेली भीती दुसऱ्याच प्रकारच्या अधिकारासाठी वापरता येते. एम्सची बातमी ऐकून घाबरलेला माणूस स्वतःच्या फोनवरच्या बंधनाला मान डोलावतो, आणि एम्सचा नि त्याच्या फोनचा काय संबंध, हे विचारायचे राहून जाते.

म्हणून मी एकच प्रश्न विचारते, ऑडिटमध्येही आणि वर्तमानपत्र वाचतानाही : हा नियम त्या दिवशी लागू असता, तर तो हल्ला नेमका कोणत्या टप्प्यावर अडला असता? आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात. बंब चांगला आहे की वाईट, हा वाद नंतर घालू. आधी तो कुठे निघाला आहे ते बघू.

हा प्रश्न लावल्यावर काही नियम झळाळून उठतात. कॉसमॉसनंतर, डिसेंबर २०१९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सुरक्षा चौकट आणली. ज्या बँकेचे डिजिटल व्यवहार जास्त, तिच्यावर बंधने जास्त. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या छोट्या बँकांमध्ये मी पहिल्यांदा पाहिले की एटीएमचे जाळे वेगळे काढले गेले, ॲडमिनचे पासवर्ड चार जणांत वाटलेले असत ते बंद झाले, आणि संचालक मंडळाच्या सभेत सुरक्षेचा विषय आला. व्यवस्थापक माझ्यावर वैतागत, खर्च वाढला म्हणून कुरकुरत. पण सगळा भार संस्थेवर होता. खातेदाराबद्दल एका अक्षराची जास्त माहिती कोणी मागितली नाही. आग जिथे लागली होती, बंब तिथेच आला.

आता २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे निर्देश घ्या. सर्ट-इन ही सायबर घटनांसाठीची आपली केंद्रीय संस्था. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० ब खाली तिने हे निर्देश काढले. न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद. तुमच्या मुलीच्या संशयाला सगळ्यात जास्त आधार इथे मिळतो आणि सगळ्यात जास्त विरोधही इथेच मिळतो, म्हणून यावर जरा थांबते.

एक कलम असे की सगळ्या सर्व्हरची घड्याळे सरकारी वेळेशी जुळती ठेवा. वरकरणी किरकोळ, पण मी त्याला मनापासून हात जोडते. एका पतसंस्थेत तीन यंत्रांची घड्याळे एकमेकांपासून सात ते अकरा मिनिटे पुढे-मागे होती, आणि चोर कुठल्या यंत्रातून कुठल्या यंत्रात गेला हे जुळवण्यात आमचे दोन दिवस गेले. दुसरे कलम, लॉग म्हणजे यंत्रावरच्या हालचालींच्या नोंदी १८० दिवस ठेवा. हेही योग्य. हल्लेखोर आत शिरल्यावर कित्येक आठवडे गप्प बसलेला असतो. मी जाते तेव्हा नोंदी बहुधा पंधरा दिवसांपुरत्याच असतात आणि दरवाजा कोणी उघडला ते कधीच कळत नाही.

तिसरे, घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवा. यावर माझे मत परिस्थितीप्रमाणे बदलते. वीज, रेल्वे, मोठी बँक असेल तर सहा तासही जास्तच, कारण तीच लाट दुसरीकडे जाणार असते. पण लहान संस्थेत पहिल्या सहा तासांत ‘सर्व्हर उघडत नाही’ याच्यापुढे कोणालाच काही माहीत नसते. युरोपात वैयक्तिक माहिती फुटली तर ७२ तास मिळतात. एकदा पहाटे चार वाजता मी तो अर्ज भरायला बसले होते, आणि आठ रकान्यांत ‘तपास सुरू’ एवढेच लिहिले. त्याच वेळी तिथला एकुलता एक जाणकार मुलगा बॅकअप वाचवायचा सोडून मला तपशील देत माझ्याजवळ बसला होता. नियम वाईट हेतूचा आहे असे मी म्हणणार नाही. तो टेबलावर बसून लिहिला गेला आहे.

आणि मग येते ते कलम. व्हीपीएन म्हणजे आपला इंटरनेटचा वापर आणि ठिकाण झाकणारी सेवा. ती देणाऱ्यांनी ग्राहकाचे खरे नाव, पत्ता, संपर्क, सेवा कशासाठी घेतली त्याचे कारण आणि दिलेले आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे ओळखक्रमांक, पाच वर्षे जपून ठेवायचे, ग्राहक सोडून गेल्यानंतरही. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळल्याचे नंतर स्पष्ट केले गेले. म्हणजे रोख होता तो साध्या वापरणाऱ्या माणसावर.

इथे माझा प्रश्न लावा. कॉसमॉस? फरक शून्य. एम्स? संसदेत सरकारनेच कारण सांगितले ते हे, की तिथल्या जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती. एका खोलीतली आग साऱ्या इमारतीत पसरली. कोणा व्हीपीएन ग्राहकाचा पत्ता वहीत असता तर त्या भिंती उभ्या राहिल्या नसत्या. संघटित हल्लेखोर स्वतःच्या नावाने, ओळखपत्र देऊन व्हीपीएन विकत घेत नाही. माझ्या हाती आलेल्या बहुतेक प्रकरणांत हल्ला दुसऱ्याच एखाद्या बिचाऱ्याच्या काबीज केलेल्या संगणकावरून आलेला असतो. खरे नाव देईल तो पत्रकार, वकील, घटस्फोटाच्या भांडणात नवऱ्यापासून ठावठिकाणा लपवणारी बाई, किंवा कॅफेतल्या वायफायवर बँकेचे काम करणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस. २०२२ च्या उन्हाळ्यात एक्स्प्रेस, सर्फशार्क, नॉर्ड अशा मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय ग्राहकांना बाहेरच्या सर्व्हरवरून सेवा चालू ठेवली. म्हणजे या कंपन्यांच्या नोंदी तपासासाठीसुद्धा हाती आल्या नाहीत.

एका तपास अधिकाऱ्याने यावर मला उत्तर दिले होते, आणि ते तुम्हाला सांगायला हवे. ते म्हणाले, मॅडम, सराईत चोर सापडणार नाही हे मला माहीत आहे, पण हौशी, आळशी चोर पुष्कळ असतात आणि ते अशा नोंदींतूनच सापडतात. हे खोटे नाही. ठरावीक गुन्ह्यात, ठरावीक माणसाची माहिती, न्यायालयाच्या आदेशाने मागवण्याला माझा विरोध नाही. प्रश्न सगळ्यांची नोंद आधीपासून करून ठेवण्याचा आहे. त्याचा समाजावर पडणारा भार आणि मिळणारे दोन-चार चोर यांचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता, आणि निर्देश काढण्यापूर्वी त्यावर लोकांच्या खुल्या हरकती मागवल्या गेल्या नाहीत.

‘संचार साथी’कडे येते. या सेवेत खरोखर उपयोगी गोष्टी आहेत. हरवलेला फोन त्याच्या आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखक्रमांकावरून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते कळते. ही सेवा २०२३ पासून संकेतस्थळावर आहे, ॲप २०२५ च्या जानेवारीत आले. तेव्हा कोणी रस्त्यावर आले नव्हते. वाद पेटला तो २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशावरून. दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांचा आधार घेऊन मोबाइल बनवणाऱ्यांना सांगितले गेले की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच बसवा, दुकानांच्या वाटेवर असलेल्या फोनमध्ये अपडेटमधून घाला, आणि त्याची कार्ये बंद किंवा मर्यादित करता येणार नाहीत असे बघा. टीका झाल्यावर मंत्री म्हणाले की नको असेल त्याने काढून टाकावे. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली.

सक्ती गेली म्हणून मी विषय सोडत नाही, कारण यातली तांत्रिक चूक पुन्हा होऊ शकते. नॉटपेट्या आठवा. ते न्हावाशेव्यापर्यंत पोचले कसे? युक्रेनमध्ये हिशेब आणि कर भरण्यासाठी एक सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक कंपनीत होते. हल्लेखोर त्याच्या अपडेटच्या वाटेत शिरले. रोजच्यासारखे अपडेट आले आणि विष घेऊन आले. त्या देशात कार्यालय असलेल्या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक गेले, आणि त्यातच आपल्याकडचे टर्मिनल थांबले. जे सॉफ्टवेअर सगळ्यांकडे असायलाच हवे, तेच शत्रूसाठी सगळ्यात मोलाचे. कोट्यवधी फोनमध्ये एकच ॲप, बंद करता न येणारे, हे सुरक्षेच्या दृष्टीने कवच होण्याआधी एक प्रचंड लक्ष्य होते. मुलीने ‘पाळत’ हा शब्द वापरला. त्या शब्दावर भावाचे तिच्याशी जुळणार नसेल तर तिने हा मुद्दा मांडावा. बँकेतल्या माणसाला तो लगेच कळेल.

पाळतीसाठी ठेवलेली दारे चोरालाही उघडतात, याची उदाहरणे आहेत आणि ती कोणा चळवळीच्या पत्रकातली नाहीत. २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यात पोलिसांच्या कायदेशीर टॅपिंगसाठीची सोय होती. कोणीतरी तीच गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन कित्येक महिने ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेत उघड झाले की चीनशी संबंधित मानला जाणारा ‘सॉल्ट टायफून’ गट तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांत शिरला होता, आणि न्यायालयीन परवानगीने टॅपिंग करण्याच्या यंत्रणेपर्यंतही पोचला होता. त्यानंतर अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेने लोकांना सांगितले की संदेशांसाठी टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेली, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता न येणारी ॲप वापरा.

तुमच्या प्रश्नात ‘सरकार’ हाच शब्द आहे, पण हा प्रकार सरकारपुरता नाही. तीनेक वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागाच्या ईमेलमधून कोणीतरी खोटे बिल पाठवले आणि अठरा लाख रुपये भलत्याच खात्यात गेले. मी अहवालात पहिल्या पानावर लिहिले : ईमेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरा कोडही मागणारी सोय लावा, आणि बँक खाते बदलल्याचे पत्र आले की आधी फोन करून खात्री करा. दोन्ही जवळजवळ फुकट. मालकांनी मात्र आठवडाभरात सगळ्या कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर दर पाच मिनिटांनी पडद्याचे चित्र घेणारे सॉफ्टवेअर बसवले. कारण सांगितले, सायबर सुरक्षा. चार महिन्यांनी मी परत गेले तेव्हा दुहेरी पडताळणी लागलेली नव्हती. लेखा विभागातल्या एका मुलीने मला जिन्यात गाठून विचारले, मी आईशी दवाखान्याबद्दल बोलते तेही त्यात दिसते का? मी खोटे बोलू शकले नाही. शिवाय त्या चित्रांमध्ये बँकेचे पडदेही होते, आणि ती सगळी एका साध्या पासवर्डच्या फोल्डरमध्ये साठत होती. मालक वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरल्यावर त्याला जे आधीपासून हवे होते ते त्याच्या हाताशी आले. तेव्हापासून मी लोकांच्या हेतूंवर वाद घालणे सोडले. काय बसवले आणि काय बसवायचे राहिले, एवढेच मी बघते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. खरे काय घडले, हे आपल्याला कळणार कसे?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, कोविडचे दिवस, रुग्णालये जनरेटरवर. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका सुरक्षा कंपनीचा अहवाल आला, की चीनशी जोडलेल्या गटाने भारतीय वीजक्षेत्रात शिरकाव केला आहे. मुंबईच्या अंधाराशी त्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, असे तो अहवालच सांगत होता. दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले की ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्य पोलिसांच्या विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार घातपाताची शक्यता आहे. त्यानंतर लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ती मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. एकच घटना. दोन सरकारे, दोन निष्कर्ष. वीज क्षेत्रात सुधारणा करायची तर यातला कोणता खरा, हे सगळ्यात आधी कळायला हवे. चूक असेल तर प्रशिक्षण आणि देखभाल, हल्ला असेल तर जाळ्याची विभागणी. आजही एखाद्या सभेत हा विषय निघाला की ज्याला जे सोयीचे ते तो सांगतो.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कायद्यातून वगळले. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांच्या यादीत तिचे नाव घातले. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे अपवाद सोडले, तर या संस्थेला आता नागरिक प्रश्न विचारू शकत नाही. सहा तासांच्या नियमाने किती घटना वेळेत थोपवल्या, व्हीपीएनच्या नोंदी किती वेळा मागितल्या, त्यातून किती गुन्हे उलगडले, हे विचारायची ती खिडकी बंद झाली. फोन ऐकण्याच्या परवानग्यांचेही तसेच : परवानगी गृहसचिव देतात आणि तिची तपासणी करणारी समितीही सचिवांचीच, त्यात न्यायाधीश नाही.

याउलट आयर्लंडकडे बघा. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीसाठी डेटा कोंडणारा हल्ला झाला, देशभरातली रुग्णालये कागदावर आली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतलेला तपशीलवार अहवाल सगळ्यांसाठी प्रसिद्ध केला. मार्चमध्ये एका कर्मचाऱ्याने ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली, तिथून हल्लेखोर आत आले, आठ आठवडे हिंडत राहिले, मधल्या काळात धोक्याच्या खुणा दिसल्या आणि त्यांच्यावर पुरेशी कारवाई झाली नाही, हे सगळे त्यात आहे. मी तो अहवाल छापून घेतला आणि पुण्यातल्या दोन रुग्णालयांच्या लोकांबरोबर पानागणिक वाचला. एका ठिकाणी तर वाचता वाचताच तिथल्या मुलाने उठून एक जुना सर्व्हर बंद केला. एम्सच्या हल्ल्याचा असा अहवाल माझ्या हातात असता, तर मी तो मराठीत समजावून सांगत जिल्ह्याजिल्ह्यात फिरले असते. भीती लोकांना वाटायची आणि धडे फायलीत ठेवायचे, यामुळे संशय वाढतो. तो तुमच्या मुलीचा दोष नाही.

संशय वाढला की सुरक्षाही कमी होते, हे मी रोज बघते. हल्ला झाल्यावर संस्थाचालक पहिल्यांदा विचारतो, ‘कळवलेच पाहिजे का? सर्व्हर उचलून नेतील. पेपरात येईल.’ मग तो गप्प बसतो, आणि तोच हल्लेखोर शेजारच्या तालुक्यात जातो. लोक आपणहून सांगतील अशी व्यवस्था हवी, आणि सांगणाऱ्याला शिक्षा न होता मदत मिळेल याची खात्री हवी.

कायद्याची भाषा तुमच्या मुलीला हवी असेल तर ती आपल्याकडे आहे. ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, आणि त्यावर घाला घालायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असे सांगितले. माझा ‘कोणत्या टप्प्यावर अडला असता’ हा प्रश्न म्हणजे त्यातल्या शेवटच्या दोन अटींचे कामावरचे रूप आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून न्यायालयांनी बागुलबुवा दिसल्यासारखे मागे सरायचे नसते. भावालाही हे पटायला हरकत नाही, कारण यात धोका नाकारलेला नाही.

तर यापुढे सायबर सुरक्षेच्या नावाने नवा आदेश आला की घरात आधी एवढे बघा : नवे काम कोणाला लावले आहे? बँकेला, रुग्णालयाला, कंपनीला भिंती बांधायला सांगितले असेल, तर भावाच्या बाजूने उभे राहा. तुमच्याबद्दलची जास्त माहिती कुठे तरी साठणार असेल, तर मुलीचे प्रश्न विचारा. किती दिवस साठणार, कोण बघणार, मुदत कधी संपणार, फुटली तर कोण जबाबदार. पुष्कळ आदेशांत दोन्ही असेल, २०२२ च्या निर्देशांसारखे. मग कलमे वेगळी करून बोला. घड्याळाचे कलम ठेवा म्हणा आणि व्हीपीएनचे काढा म्हणा. सगळे घ्या किंवा सगळे सोडा, असे बंधन तुमच्यावर कोणी घातलेले नाही.

शेवटी तुम्ही विचारले आहे की ते ॲप फोनमध्ये ठेवावे की नाही. तुम्हाला त्याचा उपयोग होत असेल तर ठेवा, नाहीतर काढा. तीच कामे संकेतस्थळावरूनही होतात. मी काढले आहे. फोनवर *#०६# दाबा, आयएमईआय क्रमांक दिसेल, तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवला तर तोच लागतो. बँकेशी जोडलेल्या ईमेलला आणि व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी लावा. आणि तुमच्या खालच्या मजल्यावरचे काका ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनला बळी पडले असे लिहिले आहे, त्यांचे पैसे जाऊन किती वेळ झाला ते तुम्ही सांगितलेले नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली नसेल तर हे उत्तर वाचणे थांबवून आधी त्यांच्याकडे जा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. सोबत भावाला घेऊन जा. बँकेत कोणाशी आणि कसे बोलायचे, ते त्याला माहीत असेल.